एकदाच चालणारी चाल

बेळगावच्या बुद्धिबळात कुणाला चकित करायचं असेल तर ते एकदाच जमतं. दुसऱ्या वेळेपर्यंत बातमी अनगोळपासून कणबर्गीपर्यंत पोचलेली असते. रविवारच्या रॅपिड, म्हणजे झटपट डावांच्या, स्पर्धांना येणारी तोंडं ठरलेली. शहापूर-वडगावचे आम्ही काही जुने, टिळकवाडीतली क्लासला जाणारी पोरं, खानापूरहून पहिल्या बसने येणारे, निपाणी-चिकोडीकडचे, गोकाक-बैलहोंगलकडचे कन्नड बोलणारे. बक्षिसाची रक्कम जरा बरी असली की कोल्हापूर, हुबळी आणि गोव्याच्या गाड्याही शाळेच्या आवारात दिसतात. फेरी संपली की हरलेला आणि जिंकलेला दोघेही एकाच टपरीवर चहाला, आणि तिथे ‘त्यानं काय काढलं’ याची खडान्‌खडा चौकशी. रॅपिडमध्ये चाली लिहून ठेवायची सक्ती नसते, त्यामुळे डाव तिथल्या तिथे विरून जात असेल असं कुणाला वाटेल. आमच्याकडे तो तोंडोतोंडी फिरतो.

या मंडळींत माझं नाव माकडवाला. पांढऱ्या मोहऱ्यांनी मी पहिली चाल बी-४ खेळतो, म्हणजे वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एकदम दोन घरं. (पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच अक्षरं, आडव्यांना एक ते आठ आकडे, त्यावरून घराचं नाव.) या सुरुवातीला ओरांगउटान म्हणतात. १९२४ साली न्यूयॉर्कला मोठी स्पर्धा चालू होती. तिच्या मधल्या सुट्टीत तिथे खेळणारा साविएली तार्ताकोव्हर ब्रॉंक्सचं प्राणिसंग्रहालय बघायला गेला. तिथे सुझन नावाची ओरांगउटान मादी होती. तिच्यावर तो एवढा खूश झाला की पुढे गेझा मारोत्सीविरुद्ध त्याने बी-४ खेळली आणि ती सुझनच्या सल्ल्याने खेळली असं सांगून टाकलं. डाव बरोबरीत सुटला. तेव्हापासून माकडाचं नाव चालीला चिकटलं, आणि चालीचं मला.

नाव गमतीचं असलं तरी चाल थिल्लर नाही. काळ्याने ई-५ खेळून मधलं घर घेतलं की आपण उंट बी-२ वर आणायचा. आता त्याच्या उंटाला आपलं बी-प्यादं मारता येतं आणि आपल्या उंटाला त्याचं ई-प्यादं. बाजूचं देऊन मधलं घ्यायचं, हा व्यवहार मला आजही पटतो. शिवाय तिकडची प्यादी कितीही पुढे गेली तरी आपल्याला कॅसलिंग करायचंय, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला न्यायचंय, ते दुसऱ्या बाजूला, तेव्हा राजाच्या घराचं छप्पर शाबूत राहतं. याच्या उलट जी-४. स्वित्झर्लंडच्या हेन्री ग्रोबने पत्राने खेळलेल्या कितीतरी डावांत ती चालवली, पुढे इंग्लंडच्या मायकेल बासमनने ती आपलीशी केली. पण जिथे राजाने जाऊन बसायचं तिथलंच प्यादं आपण पहिल्या चालीला उडवून लावतो. संगणकाला विचारा, बी-४ ला तो जवळजवळ बरोबरी देतो आणि जी-४ नंतर काळ्याचा उघड फायदा दाखवतो. दोन्ही चाली दिसायला सारख्याच आगाऊ. पण एकीत जरा वेगळी समज आहे, दुसरीत हट्ट.

बैलहोंगलकडचे एक निवृत्त मास्तर आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि खेळायला बसण्याआधी आपले सगळे मोहरे घरांच्या मधोमध नेमके बसवायची सवय. घोड्यांची तोंडं समोर. त्यांच्याशी पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा मी बी-४ खेळून घड्याळ दाबलं. मास्तरांनी पटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पटाकडे. प्यादं माझ्या बाहीला लागून सरकलं असावं असा त्यांचा समज झाला. ‘‘येन्री सर इदु?’’ आणि मग मराठीत, ‘‘चाल हीच काय तुमची?’’ मी मान डोलावली. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. पंधरा मिनिटांचा डाव. त्यातली तीन मिनिटं दुसऱ्या चालीच्या आधीच गेली.

अनवट ओपनिंगची, म्हणजे सुरुवातीच्या चालींची, खरी कमाई ही. ती पटावर दिसत नाही, घड्याळात दिसते. पंधरातली तीन म्हणजे पाचवा हिस्सा. तेच दीड तासाच्या लांब डावात कुणी तीन मिनिटं विचार केला तर त्याचं काय गेलं? पाणी पिऊन येईल तो. म्हणून ही खेळी झटपट डावांत जेवढी फळते तेवढी लांब पल्ल्याच्या डावांत फळत नाही, आणि मास्तरांसारख्या नेमस्त माणसाला ती जास्त बोचते. ज्याला मोहरे घराच्या मधोमध लागतात त्याला पहिल्याच चालीला कडेला गेलेलं प्यादं सहन होत नाही. त्या दिवशी मास्तरांची बाजू शेवटी वरचढ होती, पण वेळ उरला नव्हता. बरोबरी देऊ का, असं त्यांनीच विचारलं.

पुढच्या खेपेला मात्र मी प्यादं ठेवतो न ठेवतो तोच मास्तरांचं ई-५, मी उंट आणतो तोच त्यांचं एफ-६, प्याद्याला पक्का टेकू. एकेका चालीला दोन-दोन सेकंद. नातवाने मोबाईलवर सगळं दाखवून ठेवलं होतं. डाव संपल्यावर तेच म्हणाले, ‘‘एकदा चमकलो, दुसऱ्यांदा कशाला चमकू?’’

आता फोनवरून शिकणाऱ्या पोरांबद्दल लिहिणं भाग आहे, कारण त्यांच्यामुळे आम्ही अनवट खेळणारे सगळेच एका मापात मोजले जातो. या पोरांना ओपनिंग नको असतं, सापळा हवा असतो. एंग्लुंड गॅम्बिट घ्या. गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच काहीतरी देऊन डाव मांडणं. पांढऱ्याने डी-४ खेळलं की काळा लगेच ई-५ प्यादं फुकट देतो. मग घोडा, वजीर ई-७ वर, पांढऱ्याने प्यादं सांभाळायला उंट एफ-४ ला आणला की वजीर बी-४ वर शह देत उतरतो. उंट मागे डी-२ ला आला की वजीर बी-२ चं प्यादं खातो. आता पांढऱ्याला वाटतं, उंट सी-३ ला आणून वजिराला हाकलू. तिथेच घात. काळ्याचा उंट बी-४ ला येतो, पांढऱ्याच्या उंटाला सी-३ वर खिळवतो, आणि दोन चालींत वजीर सी-१ वर जाऊन मात. फार देखणं दिसतं. व्हिडिओत तर फारच. पण पांढऱ्याने उंटाऐवजी तिथे घोडा आणला तर खेळ खलास. काळ्याचा वजीर परक्या मुलखात एकटा, आणि एक घोडा सोडला तर बाकीचं सगळं सैन्य अजून घरात.

टिळकवाडीतल्या एका हुशार पोराने कोल्हापूरहून आलेल्या एका लहानग्या मुलीवर हा सापळा लावला. मी शेजारच्या पटावर होतो. तिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते, ते ती हलवत होती. वजिराने बी-२ मारलं, पोराने ओठ घट्ट मिटले, बघत नाही असं दाखवत खिडकीबाहेर बघायला लागला. मुलीने घोडा सी-३ ला ठेवला. पाय हलायचे थांबलेसुद्धा नाहीत. तो पुढचा अर्धा तास जे भोगत होता ते बघवेना.

स्टॅफर्ड गॅम्बिटचीही तीच तऱ्हा. इंटरनेटवर तो एवढा गाजला की आता समोरच्याने प्यादं दिलं की कुणी हुरळून जात नाही, आधी हसतात. माझं म्हणणं एवढंच की सापळा समोरच्याच्या अज्ञानावर उभा असतो. त्याला उत्तर माहीत असलं की आपल्या हातात उरतं ते फक्त नुकसान. बी-४ ला उत्तर माहीत असलं तरी माझ्या हातात एक सरळ, खेळता येण्याजोगा डाव उरतो. मास्तरांनी नातवाकडून धडे घेतले, तरी पुढचा डाव आम्ही दोघांनी खेळलाच की. एफ-६ नंतर मी प्यादं बी-५ ला ढकललं, त्यांचा घोडा सी-६ ला यायचा बंद केला आणि मग नेहमीसारखी झटापट. हरलो, ते पुढे हत्तींच्या शेवटात.

थोरामोठ्यांच्या खेळात या प्रकाराची दोन्ही टोकं सापडतात. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा गावी युरोपियन सांघिक स्पर्धेत इंग्लंडचा टोनी माइल्स समोर बसला होता अनातोली कार्पोवच्या. कार्पोव तेव्हाचा जगज्जेता. त्याने ई-४ खेळलं, माइल्सने ए-६. अगदी कडेचं प्यादं एक घर. प्रेक्षकांत हशा पिकला. पण ए-६ मागे विचार होता, पुढे बी-५, मग उंट बी-७ वर, तिथून मधल्या घरांवर नजर. माइल्स जिंकला. हसणाऱ्यांनी नंतर काय केलं ठाऊक नाही.

दुसरं टोक बेलग्रेडचं, १९७०. सोव्हिएत संघ विरुद्ध उरलेलं जग. जगाच्या बाजूने पहिल्या पटावर डेन्मार्कचा बेंट लार्सन बसला होता, बॉबी फिशरच्याही वर. लार्सन म्हणजे अनवट चालींचा हौशी. त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या बोरिस स्पास्कीविरुद्ध बी-३ खेळलं. स्पास्कीने कसलाही गोंधळ न होऊ देता मोहरे बाहेर काढले, लार्सनच्या राजाच्या अंगावर घोडा आणला, मागून कडेचं प्यादं सोडलं, आणि चौदाव्या चालीला आपला हत्ती थेट एच-१ वर, पांढऱ्या हत्तीच्या शेजारी, मारा म्हणून ठेवून दिला. मारला की प्यादं जी-२ ला, आणि ते आता थांबत नाही. सतराव्या चालीला डाव संपला. हा डाव मी अजून अधूनमधून मांडून बघतो. बी-३ चालीचा यात फारसा दोष नाही, ती आजही बडे खेळाडू खेळतात. लार्सन मागाहून सैलावला, राजा मध्येच ठेवून प्यादी ढकलत बसला. वेगळी सुरुवात करणाऱ्याला ती गुर्मी चढते हे मी आमच्या हॉलमध्येही पाहिलंय. पहिल्या चालीला समोरचा दचकला की आपल्याला वाटतं, काम झालं.

अमेरिकेच्या फ्रँक मार्शलची गोष्टही सांगितली जाते. १९१८ मध्ये न्यूयॉर्कला त्याने क्यूबाच्या कापाब्लांकासमोर एक नवाच हल्ला काढला. म्हणे तो वर्षानुवर्षं खास त्याच्यासाठी राखून ठेवला होता. ‘म्हणे’च, कारण तेवढं खरं मानायला कुणी जाणकार तयार नाही. कापाब्लांकाने दिलेलं प्यादं घेतलं, एकट्याच्या डोक्याने सगळा हल्ला परतवला आणि डाव जिंकला. पण तो हल्ला आजही खेळला जातो आणि आज त्याच्या भीतीने पांढरे वाट बदलतात.

अनवट म्हणजे कुणाला अनवट, हाही प्रश्न आहेच. माझे आजोबा देवळाच्या कट्ट्यावर देशी पद्धतीने खेळायचे. त्यात प्याद्याला पहिल्या चालीलाही एकच घर. त्यामुळे सुरुवातीला धडाक्याने मधली जागा घेणं नाही. आपल्या अर्ध्या पटात सावकाश मोहरे मांडायचे आणि मग भिडायचं. १८४० आणि ५० च्या दशकांत कोलकात्याला जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, इंग्लंडात नाव काढलेला खेळाडू. त्याच्याशी महेशचंद्र बॅनर्जी कितीतरी डाव खेळले. देशी खेळात तयार झालेला हा माणूस काळ्या मोहऱ्यांनी मध्यावर धावून जायचा नाही. प्यादं एक-एक घर सरकवायचा, उंट कोपऱ्यात बसवायचा, समोरच्याला मध्यात पसरू द्यायचा आणि मग त्या पसाऱ्याला धक्का द्यायचा. युरोपच्या पुस्तकांत बसणारं हे नव्हतं. आज त्याच घराण्याच्या सुरुवातींना जगभर ‘इंडियन डिफेन्स’ म्हणतात आणि जगज्जेतेपदाच्या लढतींत त्या खेळल्या जातात. महेशचंद्रांनी कुणाला चकित करायला त्या शोधल्या नव्हत्या.

हे मला कळतं ते खडेबाजारातल्या साडीच्या दुकानात हिशेब लिहिता लिहिता. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की गल्ल्यावरच्या माणसाने पहिला शब्द कुठल्या भाषेतला काढायचा हा रोजचा डाव आहे. ‘या’ म्हणायचं की ‘बर्री’? पिशवीवरचं नाव, पदर घ्यायची तऱ्हा, सोबतच्या पोराला मारलेली हाक, यावरून अंदाज. कधी आपण ‘बर्री’ म्हणावं तर बाई ठसक्यात मराठी सुरू करतात, कधी उलटं. एका साडीची घासाघीस मराठीत सुरू होऊन कन्नडात रंगते आणि हिंदीत मिटते. पुण्याहून आलेला पाहुणा हे ऐकून थक्क होतो. आमच्या गल्ल्यावरच्या माणसाला आपण काही वेगळं केलं हे गावीही नसतं. महेशचंद्रांसमोर बसलेला कॉक्रन आणि दुकानातला पुण्याचा पाहुणा, दोघांची अवस्था मला एकच वाटते.

तर आमच्या हॉलमध्ये मी माकडवाला झालो आणि बी-४ मधली हवा गेली. कुणी दचकेना. उलट समोर बसणारा मी प्यादं उचलायच्या आधीच ई-५ साठी बोटं सरसावून बसलेला. तेव्हा मला आठवला १९७२ चा रेक्याविक, आइसलंडमधली फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाची लढत. फिशर आयुष्यभर पांढऱ्यांनी जवळपास फक्त ई-४ खेळत आलेला. स्पास्की आणि अख्खा सोव्हिएत ताफा त्याच तयारीने आलेला. सहाव्या डावात फिशरने सी-४ काढलं आणि डाव वजिराच्या गॅम्बिटमध्ये नेला, म्हणजे फार जुन्या, सभ्य, पुस्तकी सुरुवातीत. स्पास्कीने त्यात जो बचाव घेतला तो तार्ताकोव्हरच्याच नावाचा, आणि त्याच्या स्वतःच्या भरवशाचा. फिशरने तो डाव इतका सुंदर जिंकला की प्रेक्षकांबरोबर स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. फिशरचा नेम जगाला पाठ झाला होता, म्हणून तो मोडण्यात एवढं बळ आलं. रोज वेगवेगळं खेळणाऱ्याने सी-४ काढलं असतं तर कुणाची मान वर झाली असती?

मग एका रविवारी मी ई-४ खेळलो.

समोर गोकाककडचा एक तरणा इंजिनिअर होता. त्याचा हात हवेतच राहिला. शेजारच्या पटावरच्या वडगावच्या मित्राने आपला डाव सोडून वाकून पाहिलं. खेळ चालू असताना बोलायचं नसतं हे विसरून तो पुटपुटला, ‘‘तब्येत बरी न्हाई काय गा?’’ पंचांनी त्याला दटावलं. इंजिनिअर विचारात पडला. माझ्या ई-४ मागे काहीतरी भयंकर दडलंय अशी त्याची खात्री झाली. आणि मी खेळत होतो साधं इटालियन, जे शाळेतल्या पोरांना दुसऱ्या आठवड्यात शिकवतात. त्याने नसलेल्या सापळ्याला चुकवण्यासाठी घोडा माघारी घेतला, पुन्हा पुढे आणला, वजीर आडोशाला नेला. एवढ्या वेळात माझे सगळे मोहरे बाहेर आले होते.

बाहेर टपरीवर मित्राने विचारलं, ‘‘काय खेळूलालास गा हे? आम्ही सगळे बी-४ वर बसलोय.’’ मी म्हटलं, बसा.

क्लासच्या पोरांचे आईबाप अधूनमधून विचारतात, आमच्या बाळूला काहीतरी वेगळं शिकवा, समोरचा गांगरला पाहिजे. मी त्यांना सांगतो की आधी त्याला ई-४ ई-५ ची घाण्यासारखी मेहनत करू दे. मधली घरं का घ्यायची हे ज्याला कळलंय त्यालाच ती पहिल्या चालीला सोडून दिल्याची किंमत कळते. आईबापांचं यावर समाधान होत नाही. ते घरी जाऊन व्हिडिओ लावतात.

आता बी-४ ताजं ठेवायचं तर बेळगावच्या बाहेर जावं लागतं, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. सांगली त्यासाठी बरी. आमच्या भागात तिला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे या खेळाचं रोप लावलं आणि स्पर्धा कधी थांबू दिल्या नाहीत. पहाटेच्या गाडीने घटप्रभा, रायबाग, कुडची करत मिरज, आणि तिथून पुढे. डब्यात खानापूरचा एक कॉलेजातला पोरगा भेटला. आमच्या हॉलमधलाच, माझे निम्मे डाव तोंडपाठ असणारा. कृष्णा ओलांडेपर्यंत आम्ही त्याच्या आईने दिलेल्या चपात्या संपवल्या. मी त्याला बजावलं, तिथे माझं माकड कुणाला सांगू नकोस. त्याने शपथेवर कबूल केलं.

सांगलीत पहिल्या फेरीची यादी लागली. अनोळखी नावांच्या त्या समुद्रात बोट फिरवत मी माझं नाव शोधलं. समोर खानापूर.

पोरगा येऊन बसला, हात मिळवला, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘‘काका, बी-४ का ई-४?’’

मी घोडा काढला.